माळ्यावर बत्तीस माणसं

टाचणीला लग्नाचं विचारलं गेलं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, गुडघ्यांवर बसलेली होती आणि तिच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. समोर स्टुलावर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्या पँटचा डावा पाय दुमडून झाला होता, उजवा व्हायचा होता. लिफ्टवाला दुकानाच्या दारातूनच म्हणाला, "मी काय म्हणतो, आपण लग्न करून टाकू या." तोंड उघडलं असतं तर टाचण्या पडल्या असत्या, म्हणून तिनं नुसती मान हलवली. गिऱ्हाइकाला काय करावं सुचेना. त्यानं अभिनंदनासाठी हात पुढं केला, तशी ती दातांतूनच म्हणाली, "हलू नका."

मावशीनं हा किस्सा महिनाभर येईल त्याला ऐकवला. "आमच्या पोरीनं होकारसुद्धा तोंडाबाहेर काढला नाही हो. इतकी कंजूस."

दुकान मावशीचं होतं. नवे कपडे शिवण्याचं नव्हे. शिवलेले कपडे माणसांना बसते करून देण्याचं. माणसं जाड होतात, बारीक होतात, मेलेल्या भावाचा कोट वापरायला काढतात, दोन मापं लहान घेतलेला ड्रेस ईर्ष्येनं तसाच ठेवतात आणि शेवटी हार मानून घेऊन येतात. मावशी गल्ल्यापाशी बसून बटणं लावायची आणि बोलायची. टाचणी फीत लावायची आणि गप्प राहायची. माप तिनं आयुष्यात कधी लिहून घेतलं नाही. एकदा फीत लागली की आकडा डोक्यात बसला तो बसलाच. अर्ध्या गावाच्या कंबरा तिला पाठ होत्या. त्यांतल्या कुठल्या वाढल्या आणि कुठल्या दुःखानं उतरल्या हेही ठाऊक होतं, पण त्या बाबतीत तिनं तोंडात मिठाची गुळणी धरलेली असे.

लिफ्टवालाही पहिल्यांदा आला तो कोट घेऊनच. एक्केचाळीस वर्षांचा, नीटनेटका, इमारतींमधल्या लिफ्ट तपासून त्यांवर सही करणारा. त्याची सही असली की लोक डोळे मिटून आत शिरत. हत्यारांची पिशवी वीस वर्षं एकाच बाजूला अडकवून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा एक बोट खाली गेला होता. टाचणीनं कोटाच्या उजव्या खांद्यात आतून एक बोट गादी भरली आणि त्याला आरशासमोर उभं केलं. तो बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला. "सरळ दिसतोय मी," असं म्हणाला. बाकीचं त्यानंतर जमत गेलं.

लग्न त्यांना आपल्या मनासारखं हवं होतं. हॉल नको, माईक नको, जेवणाच्या रांगा नकोत. शहरापासून दोन तासांवर, उघड्या माळरानावर, त्यांना एक जुनं दगडी धान्यकोठार सापडलं. खाली मोठी रिकामी खोली, वर लाकडी तक्तपोशीचा माळा. माळ्याच्या एका भिंतीला दाराएवढी उंच खिडकी होती. तिच्यातून पूर्वी पोती आत घेत, आता शेतं आणि तळं दिसे. खिडकीबाहेर वरच्या अंगाला पोती ओढायची लोखंडी कप्पी होती, तिचा दोर खालपर्यंत लोंबत होता. लिफ्टवाला त्या कप्पीकडे दहा मिनिटं बघत उभा राहिला.

"लोक तळं बघायला येतात," कोठाराची मालकीण टाचणीला हळूच म्हणाली, "हे पहिलेच."

बेत असा ठरला: खिडकीपाशी टेबल, त्यावर नोंदणीची वही. दोघांनी सह्या करायच्या, चार माणसांनी चार शब्द बोलायचे, मग खाली उतरून जेवायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत. यादी झाली चव्वेचाळीस माणसांची, नवरानवरी धरून.

"याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात होय?" मावशी म्हणाली. "म्हणजे जिथं बस जात नाही तिथं?"

"जाते गं. थांबत नाही फक्त. थांबवायला सांगितलंय."

"आणि मोबाईल?"

"लागत नाही."

"मग मी तिकडं मेले तर?"

"तर सगळी जवळची माणसं हजर असतील, मावशी. वेगळं बोलवायला नको."

दुसऱ्या खेपेला लिफ्टवाल्यानं माळा तपासला. कुठल्याही जागी चार माणसांना वर चढवायचं तर त्याला आधी खालून बघावं लागे, त्याला तो तरी काय करणार. शिडी लावून त्यानं एकेक तुळई हातोडीनं ठोकली, कान लावून ऐकली, चाकूच्या टोकानं टोचून पाहिली. फितीचं दुसरं टोक टाचणीच्या हातात होतं. ती आकडे सांगत होती, तो वहीत उतरवत होता. तो दिवस चांगला गेला. परतीच्या वाटेवर तो शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "बत्तीस."

"काय बत्तीस?"

"माळा बत्तीस माणसांचा आहे. त्यावर एकही नको."

"अहो जावईबापू," मावशी म्हणाली, "लिफ्टमध्ये दहा माणसं लिहिलेलं असतं आणि आम्ही चौदा जातो की."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच मी दहा लिहितो." मग त्यानं समजावून सांगितलं. लाकूड जुनं आहे. माणसं काही पोत्यांसारखी जागच्या जागी राहत नाहीत. हसतात, वळतात, काही झालं की सगळी एकाच खिडकीशी धावतात. टाचणीनं मान डोलावली. आकड्याच्या बाबतीत लिफ्टवाल्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यावर वाद घालणं तिच्या मनातही आलं नाही.

बारा माणसं काढायची होती. त्यानं आपली पाच काढली, तिनं सात. मामेभाऊ आणि त्याची बायको गेली, शाळेतल्या दोन मैत्रिणी गेल्या, बटणवाले दोघे भाऊ गेले. सातवं नाव मास्तरांचं होतं. कापडावर खडू कसा धरायचा हे तिला मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर आता ऐंशीच्या घरातले, दोन तासांचा प्रवास त्यांना झेपणारही नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि त्यांच्या नावावरून रेघ ओढली. त्या दिवशी तिनं एक बाही उलटी जोडली.

"आणि तुझे बाबा?" तिनं विचारलं होतं.

"ते यादीत नव्हतेच."

हे तिला ठाऊक होतं, तरी विचारलं. त्याचे बाबाही लिफ्टचंच काम करत. राहायचे मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्टवाला बारा वर्षांचा असताना एका सकाळी बाबा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बहात्तर पायऱ्या उतरले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बाईच्या घरी राहायला गेले. मुलगा कठड्याशी उभा राहून पायऱ्या मोजत होता. पुढं बाबा दर रविवारी खाली येऊन उभे राहायचे. मुलगा खाली जायचा, त्यांच्याबरोबर कामावर जायचा, हातोडी कशी ऐकायची ते शिकायचा. बाबा वर मात्र कधी आले नाहीत. वर या असं त्यांना कुणी म्हटलंही नाही.

"आईला चालणार नाही," लिफ्टवाला म्हणाला आणि विषय संपला.

लग्नाला तीन आठवडे राहिले असताना, मावशी दुपारची घरी जेवायला गेलेली, एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. अंगात राखाडी कोट, पोटावर न मिटणारा.

"हा जरा सैल करून मिळेल का? मुलाचं लग्न आहे."

"बघू या काका, उभे राहा." तिनं फीत काढली. पोट, पाठ, मग खांदे. उजव्या खांद्यावर तिचा हात थांबला. डाव्यापेक्षा दीड बोट खाली. बाहेरच्या हाडाशी तोच खळगा, जिथं पट्टा बसतो. हा खांदा तिनं याआधी मापला होता, फक्त पंचवीस वर्षांनी लहान.

तिनं ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"काका, तुम्ही लिफ्टचं काम करायचात का?"

म्हातारा आरशातून तिच्याकडे बघत राहिला. मग ते हसले. चोरी पकडल्यावर हसतात तसे. "नुसतं बघून जाणार होतो तुम्हाला," ते म्हणाले. "कोट निमित्त. पण पोट खरं आहे."

"त्यानं बोलावलंय तुम्हाला?"

"नाही, नाही. तसं नाही." ते घाईनं म्हणाले, जणू त्यांच्यामुळे मुलाला बोल लागत होता. "त्याचा फोन आला होता. लग्न ठरल्याचं सांगितलं. म्हणाला, बाबा, माळा बत्तीस माणसांचाच आहे, यादी भरली. आता माळ्याला काय करणार? मी म्हटलं, बरोबर आहे. मी वर येणारच नाही. खाली उभा राहीन. खालच्या जमिनीला काही मर्यादा नसते ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर ते थोडे हसले. "त्याला सांगू नका मात्र. त्या दिवशी दिसेनच."

तिनं पाठीची शिवण मोकळी सोडण्यासाठी टाचायला सुरुवात केली. म्हाताऱ्याला गप्प उभं राहवेना.

"लाकूड कसलं आहे हो माळ्याचं?"

"ते नाही सांगता येणार. लालसर आहे. हातोडी मारली की घंटेसारखं वाजतं."

"वाजतं? मग आतून शाबूत आहे. तुळया केवढ्या?"

"साडेनऊ इंच खोल, सहा रुंद. दोन तुळयांमध्ये सोळा इंच. लांबी अकरा फूट चार इंच."

म्हाताऱ्यानं वळून तिच्याकडे पाहिलं, शिवणीतली एक टाचणी पाठीत टोचली तरी. "लिहून ठेवलंत?"

"आम्ही लिहीत नाही."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, टेबलावरचा कापड बेतायच्या कागदाचा तुकडा ओढला आणि कोट अंगात तसाच ठेवून आकडेमोड केली. दोनदा केली. मग पेन्सिल कानामागे गेली, कागदाची चौघडी होऊन आतल्या खिशात गेली.

"बत्तीस," ते म्हणाले. "बरोबर आहे त्याचं. पक्का आहे तो. मीच शिकवलाय."

मग त्यांनी कोट उतरवून तिच्या हातात दिला. "खांदा तसाच राहू द्या हं. पिशवी अडकवली की सरळ दिसतो मी."

दुकानाचा एक नियम होता. शिवण उसवण्याआधी सगळे खिसे रिकामे करायचे आणि जे निघेल ते कागदी पिशवीत घालून कपड्याला टाचायचं. हाताला पडलेली ही सवय म्हाताऱ्याला अडचणीत आणणार होती. आतल्या खिशातून बसचं एक तिकीट निघालं, एक तुटकं बटण आणि तो कागद. टाचणीनं कागद उलगडला. तिला गणित येत नव्हतं, पण शेवटच्या आकड्याभोवती गोल काढलेला होता आणि तो आकडा बत्तीस नव्हता. एकशेवीस होता.

ती बराच वेळ मशीनसमोर पाय न हलवता बसली. मावशीनं परत आल्यावर विचारलं, "काय गं, दोरा तुटला?"

"नाही," ती म्हणाली. "मोजतेय."

लिफ्टवाल्याची चूक एवढीच की फितीचं दुसरं टोक त्यानं शिंपिणीच्या हातात दिलं होतं. आणि म्हाताऱ्यानं मुलाचं खोटं पकडलं, तेही एका मिनिटात, आणि पकडल्यावर पेन्सिल कानामागे ठेवून दिली. टाचणीला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते तिला ठरवता येईना. मास्तरांच्या नावावरची रेघ तेवढी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

लग्नाला आठ दिवस असताना दोघं खुर्च्या लावायला कोठारावर गेली. त्यानं खडूनं माळ्यावर बत्तीस खुणा केल्या होत्या, प्रत्येक खुर्चीसाठी एक. भोवती एवढी मोकळी जागा उरली होती की खुर्च्या एकमेकींवर रुसल्यासारख्या दिसत होत्या. ती खिडकीशी गेली आणि तो कागद तिनं त्याच्या हातात दिला.

त्यानं तो ओळखला, हे तिला त्याच्या मानेवरून कळलं. साताच्या आकड्याला मधून आडवी रेघ होती. तोही तशीच देतो.

"कुठं मिळाला?"

"कोटाच्या खिशात."

"कुणाच्या कोटाच्या?"

"ज्याचा खांदा दीड बोट खाली आहे त्याच्या."

तो खुर्ची सोडून जमिनीवरच बसला, खुणेच्या बाहेर. "काय म्हणाले?"

"बत्तीस बरोबर आहे म्हणाले. तू पक्का आहेस म्हणाले. खाली उभे राहणार आहेत."

खाली मालकीण कोंबड्यांना हाकलत होती. तिचं हाकलून होईपर्यंत त्यानं कागदावरचे आकडे पुन्हा वाचले.

"आईंना खरंच चालणार नव्हतं?" टाचणीनं विचारलं.

"आई बोलाव म्हणाली होती. मला काय त्याचं, म्हणाली. बोलाव." त्यानं कागदाची घडी केली, उलगडली. "आपण मापं घेऊन परत गेलो ना, त्या दिवशी मी फोन लावला. बोलवायलाच लावला होता. ते हॅलो म्हणाले आणि माझ्या तोंडून निघालं, माळा बत्तीस माणसांचाच आहे. का, ते मला विचारू नकोस. मला ठाऊक नाही. एकदा बोललो म्हटल्यावर मग तो बत्तीसचा करावा लागला."

"आणि त्यात माझे मास्तर गेले."

"हो."

"सात माणसं मी काढली. तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवून काढली."

"हो," तो पुन्हा म्हणाला. सबब सांगितली नाही, हे तिनं मनात नोंदवून ठेवलं.

"मी माझी माणसं परत बोलावतेय," ती म्हणाली. "तुझी पाच तू बोलाव. तुझ्या बाबांचं मात्र तुझं तू बघ. त्यात मी पडणार नाही."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तर ते खाली उभे राहतील. कोट चांगला बसेल त्यांना, त्याची काळजी नको."

मग दोघांनी ओल्या फडक्यानं खडूच्या खुणा पुसल्या. जाताना त्यानं तिची पिशवी घेतली, डाव्या खांद्यावर.

मास्तर फोनवर म्हणाले, "मला बोलावलं नव्हतंस हेच मला माहीत नव्हतं. आता कळलं." आणि खो खो हसले. मामेभावाच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. आम्ही काय भरतीची माणसं आहोत का, म्हणाला, आणि आला नाही. बायकोलाही येऊ दिलं नाही. बाकीची सगळी आली.

म्हातारबुवा कोट न्यायला आले तेव्हा त्यांनी कागदी पिशवी उघडून पाहिली. तिकीट, बटण.

"एक चिठ्ठी होती," ते म्हणाले.

"ज्याची होती त्याला दिली," टाचणी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कोटाच्या शिवणीकडे. "टाके बारीक घालता," एवढंच म्हणाले.

लिफ्टवाल्यानं पुन्हा फोन केला की नाही, ते तिनं विचारलं नाही. आठ दिवस त्याच्या तोंडावरून काही कळलंही नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन होतं आणि वारा होता. बस माळरानावर थांबली, ड्रायव्हरनं "इथं?" असं दोनदा विचारून खात्री केली. माणसं वाऱ्यात कपडे सावरत कोठारापर्यंत चालत आली आणि सोळा पायऱ्यांचा लाकडी जिना चढून एकेक करत वर गेली. मास्तरांना दोघांनी धरून वर आणलं. त्यांनी आल्या आल्या टाचणीच्या निळ्या पोशाखाची कड उलटून आतली शिवण तपासली आणि खुर्चीत बसले. मावशी वहीच्या टेबलाजवळची जागा अडवून बसली. लिफ्टवाल्याची आई खिडकीपाशी बसली होती. तिथून खालचं सगळं दिसे.

खाली कप्पीच्या दोरापाशी राखाडी कोटातला माणूस उभा होता. हातात काही नव्हतं. तो दोराकडे बघत होता, मग कप्पीकडे, मग पुन्हा दोराकडे.

"अगं," मावशी मान लांबवून म्हणाली, "हा आपला कोट!"

"गप्प बस, मावशी."

"पण वर का येत नाही तो माणूस?"

टाचणीनं वहीकडे बोट दाखवलं. वहीवर तिची सही होऊन गेली होती. लिफ्टवाल्याची व्हायची होती. पेन हातात धरून तो टेबलाशी उभा होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. कोटाच्या खांद्यात एक बोट गादी असल्यामुळे तो अगदी सरळ दिसत होता. त्याच्या आईनं पर्स उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधू लागली. त्या पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

लिफ्टवाल्यानं पेन खाली ठेवलं आणि खिडकीत गेला.

"बाबा."

खालच्या माणसानं वर पाहिलं. वाऱ्यामुळे त्याला हात कानाशी न्यावा लागला.

"वर किती जण आहेत?" त्यानं खालून विचारलं.

"बेचाळीस."

"मग?"

"अठ्ठ्याहत्तर जणांची जागा आहे अजून."

म्हाताऱ्यानं हाताशी आलेला दोर एकदा ओढून पाहिला. वर कप्पी करकरली. "तेल घालायला हवं हिला," तो म्हणाला.

"घालू. तुम्ही वर या."

दोर सोडून तो भिंतीच्या कडेनं दाराकडे चालू लागला आणि दिसेनासा झाला. मावशीसुद्धा मान वळवून जिन्याकडे बघू लागली. जिन्यावर पावलं वाजायला लागली, एका पायाचं जड, एकाचं हलकं. लिफ्टवाला खिडकीतून वळला होता, पण टेबलाकडे आला नव्हता. त्याचे ओठ हलत होते. टाचणीनं कान दिला. तो मोजत होता.

अकराला पावलं थांबली. गुडघा असावा. कुणीतरी मदतीला उठू लागलं, तिनं हातानंच बसवलं. लिफ्टवाला जागचा हलला नाही, फक्त तोंड थोडं उघडं राहिलं.

मग बारा.